चार पायांची बाळंतीण

सुरतेच्या डिंडोलीत आमच्या गल्लीत कुणाची मुलगी बाळंत होऊन घरी आली, की पहिली हाक माझ्या आईला जाते. पाळणा, अंगडी-टोपडी, पेढे हे सगळं नंतर. आई, म्हणजे आमची माय, दाई नाही की नर्स नाही. शाळा तिने चौथीत सोडली. पण बाळंतिणीने काय खायचं, केव्हा खायचं आणि किती गरम खायचं यात तिचा शब्द शेवटचा. गल्लीतली निम्मी घरं आमच्यासारखीच खानदेशातून लूमच्या कामावर आलेली आहेत. पोरीची सासू गावाला, तिची आई साड्यांना लेस लावायच्या कामावर, मग बाळंतिणीचं बघणार कोण? माय बघते. आमच्या समोरच्या, शेजारच्या आणि मागच्या गल्लीतल्या किती पोरांचं पहिलं दूध मायच्या चुलीवर तयार झालं असेल, ते तिलाही सांगता येणार नाही.

तिच्या वैद्यकीला औषध एकच, लसूण. बाजरीची गरम भाकर कुस्करायची, साजूक तुपात लसणाच्या पाकळ्या लाल होईस्तोवर परतायच्या आणि ते तूप पाकळ्यांसकट भाकरीवर ओतायचं. फोडणीला दोन-चार पाकळ्या टाकणारी ती बाई नव्हे, ती वाटीने लसूण घेते. सोबत शेपू, अळीव, डिंक हे आहेच, पण ते सगळे वऱ्हाडी, नवरदेव लसूण. "लसूण नही ते दूध नही," हे तिचं वेदवाक्य. डॉक्टरांना यावर काय वाटतं ते मला माहीत नाही. मला काय वाटतं ते मात्र मी लहानपणापासून सांगत आले आहे. मला लसणाचा वास सहन होत नाही. लग्न होऊन नाशिकला गेले तेव्हा माझ्या स्वयंपाकघरात लसूण फक्त नवऱ्याच्या हट्टाने आला आणि तोही डब्यात बंद राहिला.

असं असूनही पहिल्या बाळंतपणाला मी माहेरीच आले. रीत म्हणून आले असं मी सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे मी घाबरले होते, आणि घाबरलेल्या माणसाला आई लागते.

मी आले तेव्हा आमच्या घराच्या बाहेरच्या जिन्याखाली एक कुत्री राहत होती. पांढरी, पाठीवर काळा डाग, एक कान कायम पडलेला. तिलाही दिवस होते. तिला कुणी नाव ठेवलं नव्हतं. माय तिला 'बाई' म्हणायची, पण माय तर भाजीवालीलाही बाई म्हणते आणि चिडली की मलाही. सकाळी मी जिन्याच्या पायरीवर ऊन खात बसले की ती कुत्री खालच्या पायरीशी येऊन आडवी व्हायची. दोघींची पोटं पुढे, दोघींनाही उठताना धाप. येणारा-जाणारा आमच्याकडे बघून हसायचा. मला राग यायचा, पण करते काय, दृश्य होतंच तसं.

ती माझ्या आधी बाळंत झाली. जिन्याखाली आप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची, जुनी सायकल होती. तिच्यामागे तिने चार पिल्लं घातली. गल्लीत ही बातमी पोचली तशी समोरची बेन तपेलं घेऊन बाहेर पडली. बेन भावनगरकडची. त्यांच्याकडे वस्तीतली कुत्री व्याली की घरोघरचं पीठ, गूळ, तूप गोळा करून तिला शिरा करून घालायची पद्धत आहे. आमच्या घरून पीठ गेलं, कुणी गूळ दिला, कुणी तूप. बेनने मोठ्या मायेने शिरा हलवला, वर मूठभर मनुका टाकल्या आणि पत्रावळीवर काढून कुत्रीपुढे ठेवला. कुत्रीने तो क्षणात संपवला. बेनच्या तोंडावर जे समाधान दिसलं ते मायला बघवलं नाही.

"बाळतीनले शिरा?" घरात येऊन ती मला म्हणाली. "दूध कसं उतरी तिले?"

"माय, कुत्री आहे ती."

"बाळतीन ती बाळतीन. चार पायनी ऱ्हावो का दोन पायनी."

आणि दुसऱ्या दिवसापासून जिन्याखाली बाजरीची भाकर आणि लसणाचं तूप सुरू झालं. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. आप्पा पर्वत पाटियाच्या एका कापड मार्केटात रखवालीला जातात. जाताना त्यांनी एकदा बघितलं आणि म्हणाले, "कुत्राले तूप पचत नही म्हनतस."

"तुम्हले तरी कोठे पचस?" माय म्हणाली. आप्पा गुमान चपला घालून निघाले.

मला आधी गंमत वाटली. मग थोडा मत्सरही वाटला, खरं सांगते. माझ्यासाठी म्हणून गावाहून मागवलेलं साजूक तूप, माझ्यासाठी निवडलेला बारीक पाकळीचा गावठी लसूण, आणि मान पहिला कुत्रीचा. मायने तिची पाचवीसुद्धा पुजली. जिन्याशेजारच्या दगडाला हळदकुंकू लावलं, चिमूटभर भात ठेवला आणि पिल्लांना नजर लागू नये म्हणून सायकलवर जुनं लुगडं टाकून आडोसा केला. त्या लुगड्याआडून कुत्री मान बाहेर काढायची आणि मायची चाहूल लागली की पडलेला कानसुद्धा उभा करायचा प्रयत्न करायची. माय खाली बसून ती खाताना बघत राहायची. बाळंतीण जेवताना जवळ बसायचं, तिला एकटीला जेवू द्यायचं नाही, हा तिचा नियम. मी वरच्या पायरीवरून बघायचे आणि मनात म्हणायचे, अजून थोडे दिवस, मग ही माझ्याशेजारी अशीच बसेल. लसूण खावा लागेल तो भाग सोडला तर मला ते फार हवंहवंसं वाटत होतं.

आठवडा उलटला असेल नसेल, कुत्री खायची थांबली. आधी संध्याकाळची भाकर तशीच राहिली. मग सकाळची. पिल्लं अंगावर चढून चुपचुप करायची आणि ती मान टाकून पडलेली. उठून पुढच्या कोपऱ्यापर्यंत गेली तर पाय लटपटायचे. गल्लीच्या कडेला ती लघवीला बसली तेव्हा बेनने पाहिलं, रंग चहासारखा. बेन म्हणाली नजर लागली. मायने मान हलवली.

"वारं लागनं तिले. ओल्या बाळतीनले वारं लागस तसं."

वारं लागलं तर मायकडे उपाय होता. लसूण वाढवायचा. कुत्री भाकर खाईना तेव्हा मायने लसूण ठेचला, तुपात कालवला आणि बोटाने तिच्या गालात सारला. कुत्रीने तो गिळला. मायच्या बोटाला ती कधी नाही म्हणाली नाही.

शेवटी मीच फोन केला. शहरात प्राण्यांसाठी काम करणारी एक संस्था आहे, तिचा नंबर आमच्या गल्लीतल्या भाजीच्या टेम्पोवर रंगवलेला असतो. गाडी आली दुपारी. त्यातून माझ्याहूनही लहान दिसणारी एक डॉक्टर उतरली, केसांचा बुचडा, पायात रबरी बूट. ती सरळ जिन्याखाली मांडी घालून बसली. कुत्रीचा ओठ वर करून तिने हिरड्या बघितल्या. त्या कागदासारख्या पांढऱ्या होत्या.

"मासी, शुं खवडाव्युं?" तिने विचारलं.

मायला हा प्रश्न फार आवडला. इतक्या वर्षांत कुठल्या डॉक्टरने तिला तिच्या खुराकाबद्दल विचारलं नव्हतं. तिने आपल्या मोडक्यातोडक्या गुजरातीत सगळं सांगितलं. बाजरी कुठली, तूप कुठलं, लसूण गावठी, वाटीभर, दोन वेळा, कालपासून कच्चासुद्धा. सांगताना ती सरळ होऊन बसली होती. डॉक्टरचा चेहरा बघून मला कळलं की काहीतरी चुकलं आहे. मला वाटतं मायलाही कळलं, कारण शेवटचं वाक्य तिने अर्धंच सोडलं.

"मासी, कूतराने लसण न अपाय," डॉक्टर म्हणाली, म्हणजे कुत्र्याला लसूण द्यायचा नाही. "कांदो पण नहीं."

ती चिडून बोलली असती तर बरं झालं असतं. ती अगदी हळू बोलली. माणसाला लसूण-कांदा सोसतो, कुत्र्याच्या रक्ताला सोसत नाही, त्यातल्या तांबड्या पेशी फुटत जातात, म्हणाली. कच्चा काय, शिजवलेला काय, सारखंच. एकदा एखादी पाकळी पोटात गेली तर बहुतेक वेळा काही दिसत नाही, पण रोज रोज आणि इतका गेला की साचत जातो, आणि दिसायला लागतं तेव्हा उशीर झालेला असतो. बेन मागे उभी राहून ऐकत होती. तिने विचारलं, शिरा तर चालतो ना? डॉक्टरने विचारलं, त्यात काय होतं? बेनने मनुकांचं नाव घेतलं आणि डॉक्टरने डोळे मिटले. द्राक्षं आणि मनुका कुत्र्याची किडनी बिघडवतात. एखाद्याला मूठभर खाऊन काही होत नाही, एखाद्याला थोड्याही पुरतात, म्हणून द्यायच्याच नाहीत. चॉकलेटही नाही, चहाही नाही. बेनने पदर तोंडाला लावला. "में तो पुण्य समजीने आप्युं," ती पुटपुटली.

आमच्याकडे कुत्र्याला पहिली भाकर घालायची असते हे सगळ्यांना ठाऊक. त्या भाकरीसोबत काय घालू नये हे कुणी कुणाला सांगितलेलं नव्हतं. जे आपल्याला चांगलं ते त्याला चांगलं, एवढाच आमचा हिशेब. उरलेली भाजी, कालची खिचडी, कांद्याचा झुणका, सगळं आम्ही दारात ओतत आलो आणि रस्त्यावरची कुत्री मरत आली. ती कशाने मेली असं विचारायला कोण बसलं होतं?

डॉक्टरने सलाइन लावलं, इंजेक्शनं दिली. म्हणाली, कुत्री तरुण आहे, लसूण थांबला तर अंग नवं रक्त तयार करेल, पण पुढचे काही दिवस नाजूक. संस्थेत नेता येईल, मात्र तिथे आजारी जनावरं असतात, एवढ्याशा पिल्लांना तिथलं काही लागलं तर वाचणार नाहीत. इथेच कुणी नीट खाऊ घालणार असेल तर ती रोज येऊन सलाइन देईल. भात, उकडलेलं अंडं, जमलं तर कलेजी, नुसती पाण्यात शिजवलेली, मीठ-मसाला काही नाही. कोण करणार?

बेन दोन पावलं मागे सरकली. माय तर उठून घरात निघून गेली. मी म्हणाले, मी करते. मी पोटावर हात ठेवून उभी होते, माझ्याकडे बघून डॉक्टरने "तमे?" एवढंच म्हटलं.

घरात गेले तर माय ओट्याशी भिंतीला टेकून बसली होती. सोललेल्या लसणाची वाटी समोर. तिने ती उचलून माझ्यासमोर कचऱ्याच्या डब्यात उपडी केली.

"मन्हा हातमा ईख शे," ती म्हणाली. माझ्या हातात विष आहे.

"काहीतरी बोलू नको माय. तुला माहीत नव्हतं."

"आते मी कोनले काहीच खावाडस नही."

ती रागावते तेव्हा भांडी आपटते. त्या दिवशी तिने एकही भांडं आपटलं नाही. संध्याकाळी तिने आप्पांसाठी आणि माझ्यासाठी वरणभात टाकला, तोही बेचव, आणि वाढून झाल्यावर लांब जाऊन बसली. मी जेवताना ती माझ्याजवळ बसली नाही. दुसऱ्या दिवशी मी ऐकलं, ती बेनला दारात सांगत होती की पोरीचं बाळंतपण झालं की खाण्यापिण्याचं तूच बघ, मी हात लावणार नाही. पलीकडच्या गल्लीतून एका बाळंतिणीसाठी बोलावणं आलं, तिने डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. मी तिच्यावर ओरडले. म्हणाले, कुत्र्याचं रक्त वेगळं आणि बाईचं वेगळं, एवढं तुला कळत नाही का? तिने ऐकून घेतलं आणि धुणं वाळत घालायला गेली. वर्षानुवर्षं मी या बाईशी लसणावरून भांडले होते. आता ती लसूण घालत नव्हती तर माझ्या पायाखालची जमीन सरकली होती.

कुत्रीच्या अंड्याची व्यवस्था सोपी निघाली. सुरतेत अंड्याच्या लाऱ्यांना, म्हणजे हातगाड्यांना, तोटा नाही. नाक्यावरच्या लारीवरून आप्पा उकडलेली अंडी आणायचे, पिशवी बाहेरच्या बाहेर जिन्याखाली जायची. आमच्या घरात अंडं येत नाही. माय माळकरी आहे, गळ्यात तुळशीची माळ, आणि ज्या भांड्यात असलं काही शिजलं ते भांडं ती कोळशाने घासायला तयार नाही, फेकूनच देईल. कुत्री अंड्याचा थोडा पिवळा बलक खायची, बाकी तसंच. हिरड्या पांढऱ्याच. डॉक्टर म्हणाली, कलेजी मिळाली तर बघा, वासाने खाईल. आप्पा कलेजी आणायला तयार होते, शिजवायला नाही. त्यांनी आयुष्यात गॅस पेटवला नव्हता. मला तर त्या दिवसांत आप्पांच्या चपलांच्या वासानेही उलटी व्हायची.

एका दुपारी मी गच्चीवर वाळलेले कपडे काढायला गेले. जाऊ नको असं सगळ्यांनी सांगितलं होतं म्हणूनच गेले. पाण्याच्या टाकीमागे धूर दिसला. तीन विटांच्या चुलीवर एक फुटक्या कानाचं जर्मनचं पातेलं आणि त्यासमोर माय. पदराने नाक बांधलेलं, डोळ्यांतून धुराचं आणि कशाचं कशाचं पाणी. पातेल्यात कलेजीचे तुकडे रटरटत होते. तिची माळ गळ्यावर दिसत नव्हती. मी चरकले. मग पाहिलं, तिने ती फिरवून पाठीवर टाकली होती.

"देवले वास लागाले नको," माझ्याकडे न बघता ती म्हणाली.

मी तिथेच टाकीला टेकून बसले. मला हसू येत होतं आणि रडूही येत होतं, आणि वासासाठी मीही ओढणीने नाक बांधलं. माय काडीने तुकडे हलवत होती, पण तिची काडी अडखळत होती. कुठलाही पदार्थ ती वासाने ओळखते, चवीने पारखते. इथे वास घ्यायचा नव्हता, चव घ्यायची नव्हती, मीठ घालायचं नव्हतं. तिची सगळी विद्या खाली घरात राहिली होती.

"देख, शिजनं का?" तिने मला विचारलं.

"मला काय विचारतेस?"

"नाशिकले तू काय काय खास, माले मालूम नही का?"

लग्नानंतर मी नवऱ्याबरोबर काय खाते ते इतकी वर्षं मी या बाईपासून लपवत होते आणि ती ते लपू देत होती. मी पुढे सरकले, काडी घेतली, एक तुकडा दाबून बघितला. आत अजून लाल होता. "अजून थोडं," मी म्हणाले. ती मान हलवून फुंकणी घेऊन बसली. आम्ही दोघी ते शिजेपर्यंत तिथेच होतो. थंड झाल्यावर तिने ते भातात कुस्करलं, हाताने, नुसत्या हाताने, आणि माझ्यापुढे जिना उतरून गेली.

कुत्रीने आधी मान फिरवली. माय तिच्यापुढे मांडी घालून बसली. "खाय व बाई, खाय. आते चांगलं शे. मी नही, डॉक्टरनी सांगं." बराच वेळ काही झालं नाही. मग कुत्रीने मायची बोटं चाटली, आणि मग घास घेतला. मायच्या खांद्यांवरून काहीतरी उतरलेलं मला मागून दिसलं. रोज गच्चीवर चूल पेटायला लागली. काही दिवसांनी डॉक्टरने ओठ वर केला तेव्हा हिरडीवर हलकीशी गुलाबी छटा होती. तिने मायला बोलावून दाखवली. मायने वाकून इतक्या जवळून बघितली की कुत्रीने तिच्या नाकावर जीभ फिरवली.

कुत्री वाचली. सगळ्यांना वाटलं, आता माय पूर्वीसारखी होईल. ती झाली नाही. कुत्रीला ती डॉक्टर सांगेल तेवढंच आणि तसंच देई, त्यात एक दाणा इकडचा तिकडे नाही. आणि माणसांना काहीच नाही.

मला मुलगी झाली. दवाखान्यात बेनचा डबा आला, मुगाचं पाणी, गोळपापडी, सुंठीचं काटलू, म्हणजे बाळंतिणीसाठीचा गुजराती पाक. बेनने मनापासून केलं होतं, मी ते खाल्लं आणि मनापासून तिचे आभार मानते. घरी आले. दूध मात्र येईना. दवाखान्यातली डॉक्टरीण म्हणाली होती की येईल, बाळाला लावत राहा, घाबरू नका. मी लावत राहिले आणि घाबरत राहिले. मुलगी तोंड लावायची, ओढायची आणि लाल होऊन रडायची. गल्लीतल्या बायका येऊन बसायच्या आणि म्हणायच्या, अगं तुझ्या घरात तुझी माय आहे, तुला कसली काळजी? माय त्या वेळी आतल्या दारात उभी असायची. चौकटीवर हात ठेवलेला. एकदाही आत आली नाही. मुलगी रडायला लागली की मायची बोटं चौकटीवर आवळायची, पण पाऊल उचलायचं नाही. मी एकदा सरळ म्हणाले, "माय, मला लसूण कर." मला वाटलं, आयुष्यात पहिल्यांदा मी मागते आहे, ही धावत जाईल. ती म्हणाली, "नको व माय, तुले काही व्हयनं म्हनजे?" आणि दारातून निघून गेली. मी पोरीला घेऊन भिंतीकडे तोंड केलं आणि खूप रडले. तिच्या हातचं खायला मिळत नाही म्हणून मी रडत होते, दुसरं काही नव्हतं.

त्याच दिवशी दुपारी प्राण्यांची डॉक्टर कुत्रीचं रक्त तपासायला घ्यायला आली. माझी खाट खिडकीला लागून, आणि खिडकी जिन्यावर. मला त्यांचं सगळं ऐकू येत होतं. कुत्री बरी आहे, पिल्लांचे डोळे छान उघडलेत, आता कलेजी कमी केली तरी चालेल. मग डॉक्टरच्या बॅगेची चेन लागल्याचा आवाज. ती निघाली असावी, कारण मायचा आवाज घाईने आला.

"डॉक्टर बेन, एक पूछुं?"

"पूछो ने, मासी."

"मारी दीकरीने लसण चाले?" माझ्या लेकीला लसूण चालेल का.

डॉक्टर हसली. मला ऐकू आलं, छान मोकळं हसली. मग ते हसणं मध्येच थांबलं. तिने मायच्या तोंडाकडे बघितलं असणार. मी पोरीच्या पाठीवर हात ठेवून ऐकत बसले होते. डॉक्टर पुन्हा बोलली तेव्हा तिचा आवाज पेशंटच्या नातेवाइकाशी बोलावा तसा होता.

"दीकरीनी तबियत सारी छे ने? कोई दवा चाले छे?"

मायने सांगितलं. टाके, ताकदीच्या गोळ्या, सगळं. तिने प्रत्येक गोष्ट सांगितली.

"चाले, मासी," डॉक्टर म्हणाली. "माणसने चाले. तमे आपो."

माय घरात आली. माझ्या खोलीत आली नाही. स्वयंपाकघरात डब्याचं झाकण निघाल्याचं ऐकू आलं, मग पाट ओढल्याचं. मग तूप कढायला लागलं आणि तो वास आला, जो मला लहानपणापासून सहन होत नाही. मी उठून बसले.

ताट घेऊन ती खाटेपाशी आली. ताट माझ्या हातात देईना, दोन्ही हातांनी धरून उभी राहिली.

"डॉक्टरनी सांगं, चालस," ती म्हणाली.

स्वभावाला औषध नाही. एवढ्या सगळ्यातही मला चिडवल्याशिवाय राहवलं नाही. "माय, ती ढोरस्नी डॉक्टर शे."

"मंग?" माय म्हणाली. "एक माय वाचाडी ना तिनी."

तिने ताट माझ्या मांडीवर ठेवलं, पोरीला माझ्या हातातून घेतलं आणि माझ्याजवळ बसली. मी पहिला घास घेतला. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि माझं ताट संपेपर्यंत तिने डोळे हलवले नाहीत.